डिझाइन येत नसलं तरी लेखासाठी स्वतःचं चित्र कसं बनवायचं?

लेख लिहून झाला की शेवटी अडतं ते चित्रापाशी. मग बरेच जण गुगलवर शोधतात, आवडलेला फोटो सेव्ह करतात आणि लावून टाकतात. पण गुगल फोटो फक्त शोधून दाखवतं. मालकी ज्याची त्याच्याकडेच राहते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही तो ६० वर्षं टिकतो. खाली ‘सौजन्य : गुगल’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, चित्रकला यथातथाच. तरी खालच्या चार प्रकारांत माझं काम भागतं. जे शब्दांत सांगायला अवघड जातं तेवढंच चित्रात दाखवायचं, इतकं लक्षात ठेवलं की पुरतं.

१. स्क्रीनशॉट
ॲप किंवा सेटिंगबद्दल लिहिताना याहून सोपं काही नाही. नको तो भाग क्रॉप करा आणि ज्या बटणाबद्दल बोलताय तिथे एकच लाल बाण काढा. पाच बाण काढले तर वाचक गोंधळतो. मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, ओटीपी मात्र झाकाच. त्यासाठी हायलायटर पेन वापरू नका. त्याचा रंग अर्धपारदर्शक असतो आणि ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसू शकतात. त्यावर भरीव काळा चौकोन टाका.

२. फोनने काढलेला फोटो
आधी लेन्स पुसा. दिवसा खिडकीजवळ वस्तू ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद करा. मागे पांढरा कार्डशीट उभा केला की पसारा झाकला जातो. झूम करण्यापेक्षा फोन जवळ न्या. घरात फोटो काढणार असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला लोकेशन टॅग बंद ठेवा, नाहीतर फाइलसोबत घराचा ठावठिकाणाही जाऊ शकतो.

३. चौकोन आणि बाणांची आकृती
समजा, तुम्ही राजगडच्या ट्रेकवर लिहिताय. मधोमध एक गोल काढा, तो बालेकिल्ला. त्याला तीन पट्ट्या जोडा : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. तुम्ही ज्या वाटेने चढलात तिथे बाण. बस्स! गडाची रचना दोन परिच्छेदांपेक्षा लवकर कळते. हे कागदावर स्केचपेनने काढून फोटो घ्या, किंवा फोनवरच्या गुगल स्लाइड्समध्ये तयार आकार जोडून बनवा.

४. शीर्षकाचं चित्र
लेखाची लिंक शेअर केल्यावर जे चित्र दिसतं, त्यासाठी १२०० × ६३० पिक्सेल हे माप चांगलं. कॅनव्हासारख्या ॲपमध्ये हे माप टाका, एकच गडद रंग भरा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत चार-पाच शब्द लिहा. फॉन्ट देवनागरीसाठीच बनलेला हवा. मुक्ता आणि बालू हे ‘एक टाइप’चे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. फॉन्ट पारखायला ‘वाऱ्यावर’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे शब्द टाइप करून बघा. जोडाक्षर फुटलं तर दुसरा फॉन्ट घ्या.

एआयचं काय?
एआयने बनवलेला राजगड दिसायला झकास असेल, पण तो राजगड नसेल. माची भलतीकडेच निघालेली असू शकते. खरी जागा, वस्तू किंवा घटना दाखवायची असेल तिथे एआय टाळा. सजावटीपुरतं वापरलं तर खाली तसं लिहा.

अपलोड करण्याआधी
फोनचा फोटो कित्येक एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत कमी करून जेपीईजी किंवा वेबपी फाइल करा. २०० केबीच्या आत बसली तर उत्तम. मंद नेटवर्कवर वाचणाऱ्याचा डेटा वाचतो. स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये ठेवा, म्हणजे अक्षरं स्पष्ट राहतात. आणि ऑल्ट टेक्स्टच्या रकान्यात चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा; स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकांना तेच ऐकू येतं.

दुसऱ्याचं चित्र लागलंच, तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. तिथल्या प्रत्येक चित्राखाली लायसन्स लिहिलेलं असतं. त्यात नाव द्यायला सांगितलं असेल तर छायाचित्रकाराचं नाव आणि लायसन्स दोन्ही लिहा. पुढच्या लेखासाठी मात्र आधी आपल्याच फोनची गॅलरी उघडून बघा.