पेनिसिलिन कोठे हरले?



करारावर सही झाली की लढा संपला, असे नव्या कार्यकर्त्याला वाटते. सहीनंतर पहारा ढिला पडला तर मिळवलेलेही हातचे जाते, हे आम्ही संघटनेच्या कामात शिकलो. पेनिसिलिनचा इतिहास वाचताना आम्हांला तेच आठवले.

फ्लेमिंगने १९२८ साली लंडनमध्ये एका बुरशीचा जंतुनाशक गुण हेरला. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यापासून औषध काढले आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये ते एका रोग्यास टोचले. परंतु त्याआधीच, १९४० साली, एब्रहॅम व चेन यांनी एक इशारा प्रसिद्ध केला होता. काही जंतू पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य स्वतःच तयार करतात, असे त्यांस आढळले होते.

पुढे काय झाले, याचा हिशेब हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉ. मेरी बार्बर या विदुषीने ठेवला. जखमा पिकविणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंचे नमुने त्यांनी तपासले. पेनिसिलिनला दाद न देणारे नमुने १९४६ साली शेकडा सुमारे १४ होते. पुढील वर्षी ते ३८ झाले आणि १९४८ साली ५९!

हे घडले कसे? असे थोडे जंतू आधीपासून होतेच. औषधाने इतरांना मारले आणि मोकळे रान यांना मिळाले. मग हातांवरून, नाकांतून, पांघरुणांतून ते खाटेवरून खाटेवर पोचले. बरा होण्यासाठी आलेला रोगी रुग्णालयातच नवा रोग घेऊ लागला.

१९६० साली मेथिसिलिन हे नवे औषध ब्रिटनमध्ये वापरात आले. जंतूंचे ते द्रव्य त्याला सहजी नष्ट करू शकत नव्हते. पण १९६१ च्या आरंभीच पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी कळविले की, पाच हजारांहून अधिक नमुन्यांपैकी तीन याही औषधाला जुमानत नाहीत. अवघे तीन! आज त्याच जातीचे जंतू एमआरएसए या नावाने जगभरच्या रुग्णालयांना सतावीत आहेत.

तथापि १९६० सालीच बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आशेची वार्ताही दिली होती. हॅमरस्मिथमध्ये पेनिसिलिनच्या वापरावर कडक बंधन घातले, इतर औषधे जोडीने दिली, तेव्हा हट्टी जंतूंचे प्रमाण घटले. म्हणजे गमावलेले काही अंशी परत मिळवता येते.

आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन होऊ लागले, याचा आम्हांला अभिमान आहे. पण औषध बनविणाऱ्या कामगाराचे श्रम फुकट जाऊ नयेत, तर ते जपून वापरले पाहिजे. रुग्णालयात नळाला पाणी हवे, साबण हवा, परिचारिका, आया व सफाई कामगार पुरेसे हवेत. एकट्या परिचारिकेवर साठ खाटा सोपवून तिला दर रोग्यानंतर हात धुण्याचा उपदेश करणे हा अन्याय आहे, आणि जंतूंना ते फार सोयीचे आहे. म्हणून परिचारिका आणि सफाई कामगार अधिक माणसांची मागणी करतात, तेव्हा ते आपल्याही जिवासाठी बोलत असतात, एवढे नागरिकांनी ध्यानी घ्यावे, ही विनंती.