रेतीबंदर : एका खाणपट्ट्याचा इतिहास

खाण म्हटली की डोंगराला पडलेले भगदाड किंवा पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा डोळ्यांपुढे येतो. उल्हास नदीच्या खाडीत, कल्याणपासून मुंब्रा-कळव्यापर्यंत, अशी एक खाण होती जिला खड्डाच नव्हता. जे खणले जाई ते पाण्याखाली, आणि खणलेली जागा पुढच्या भरतीला पाण्यानेच झाकली जाई. आज तिची दृश्य खूण म्हणून एक नाव तेवढे उरले आहे : रेतीबंदर. मुंब्र्याला रेतीबंदर आहे, डोंबिवलीत मोठागावला आहे, कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशीही आहे. रिक्षावाल्याला हे नाव सांगताना आपण एका खाणीचे नाव घेत आहोत, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने मात्र ही खाणच. 1957 च्या खाण व खनिज कायद्यात रेती हे 'गौण खनिज' आहे आणि गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. त्यामुळे रेतीचा हिशेब तहसील कचेरीत, ब्रासच्या मापाने आणि स्वामित्वधनाच्या रकमेने होत आला. 'गौण' हे विशेषण खनिजाला लावलेले; ते हळूहळू त्यावर जगणाऱ्या गावांनाही लागले. कोळशाच्या वा लोखंडाच्या खाणीभोवती वसाहत उभी राहते, कामगारांच्या संघटना होतात, कागदपत्रे साठतात. रेतीच्या गावांच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही.

या खाडीचा जुना इतिहास सर्वज्ञात आहे. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराचा आरंभ झाला. पुढे जहाजांचा आकार वाढत गेला, खाडीत गाळ साचत गेला, आणि मोठ्या व्यापाराने ही वाट सोडली. 1854 मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे आल्यावर तर जलमार्गाचे उरलेसुरले महत्त्वही ओसरले. येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. नदीने वाहून आणलेला जो साठा जहाजांच्या वाटेत अडसर होता, त्यातलीच रेती पुढे विकाऊ माल झाली, आणि ओस पडत चाललेल्या धक्क्यांना बंदर हे नाव पुन्हा मिळाले ते तिच्यामुळे.

मागणी अर्थातच शहराची. स्वातंत्र्यानंतर मुंबईत न मावणारी वस्ती ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकू लागली. बैठ्या चाळींच्या जागी सोसायट्या आल्या, सिमेंट-काँक्रीटचे युग आले. काँक्रीटला सिमेंट थोडे आणि रेती-खडी फार लागते. खडी पारसिकसारख्या डोंगरांतून आली, रेती खाडीतून. एकच शहर उभे करण्यासाठी आसपासचा डोंगर आणि आसपासचे पाणी दोन्ही खर्ची पडत होते.

रेती काढण्याची जुनी पद्धत 'डुबी' किंवा 'हातपाटी' या नावाने सरकारी कागदांतही नोंदलेली आहे. होडी नांगरायची, लांब बांबू तळाशी रोवायचा, त्याच्या आधाराने बादली घेऊन बुडी मारायची, श्वास टिकेल तेवढ्या वेळात बादली भरायची आणि वर यायचे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसे. तळ हाताने चाचपावा लागे. जवळची रेती संपली की बुडी अधिक खोल, आणि खोली वाढली की कानांवरचा दाबही अधिक. होड्या पुष्कळदा किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी कुटुंबांच्या असत. बुडी मारणारे पुढे पुढे उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले असत. या माणसांनी किती बादल्या वर काढल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. हिशेब राहिला तो ब्रासचा.

मग सक्शन पंप आले. डुबीची मर्यादा माणसाचा श्वास होती. पंपाला ती मर्यादा नाही. तळ झपाट्याने खोल गेला की काठ आतून पोखरला जातो, कांदळवन उन्मळते, खारभूमीचे बांध खचतात आणि भाताच्या खाचरांत खारे पाणी शिरते. मासेमारी, भातशेती आणि रेती या तिन्हींवर जगणाऱ्या गावाला तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंचा घास घेताना पाहावी लागली. येथे गावाला केवळ बळी ठरवणे सोपे आहे आणि केवळ गुन्हेगार ठरवणे त्याहून सोपे. होडी गावाची होती, पंपाला लागणारे भांडवल मोठे होते, आणि माल जात होता तो आम्हा सदनिकाधारकांच्या भिंतींसाठी.

2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाळूउपशावर बंदी घातली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रांतील गौण खनिजांच्या पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. त्यानंतर धोरणे बदलत राहिली. चोरटा उपसा आणि महसूल विभागाने जप्त करून तोडलेले बार्ज यांच्या बातम्या मात्र आल्याच.

खाणीच्या गावाची आठवण टिकते कशी, हा आमच्या मते खरा प्रश्न आहे. इंडोनेशियातील बेलितुंग हे बेट कथिलाचे. 1860 मध्ये डच भांडवलदारांनी काढलेल्या कंपनीने बेटाचेच नाव घेतले : बिलिटन. 1985 मध्ये कथिलाचा जागतिक बाजार कोसळला आणि बेटावरचा बडा उद्योग खचला. कंपनीचे नाव एका ऑस्ट्रेलियन कंपनीला जोडले गेले आणि 2018 मध्ये तेथूनही गळाले. एवढ्यावर बेलितुंगची कथा संपली असती. परंतु 2005 मध्ये तेथल्या गांतुंग या गावच्या आंद्रेआ हिराता यांनी 'लास्कर पलांगी' ही कादंबरी लिहिली. कथिल कंपनीच्या कुंपणाबाहेरची एक मोडकी शाळा आणि तिच्यात शिकणारी गरीब मुले, एवढाच तिचा विषय. कादंबरी देशभर वाचली गेली, 2008 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, आणि ते गाव लोक शोधत येऊ लागले. खाण गेली तरी गावाला आपली गोष्ट सांगणारा मिळाला.

आपल्या रेतीबंदरांना तो अद्याप मिळालेला दिसत नाही. उलट नावाचा अर्थही पुसट होत आहे. मुंब्र्याच्या काठाच्या सुशोभीकरणाच्या योजना झाल्या, मोठागावहून माणकोलीकडे पूल गेला. काठ स्वच्छ व्हावा, पूल व्हावेत, यात वावगे काही नाही. मात्र फिरायला येणाऱ्या पुढच्या पिढीला 'रेतीबंदर' हे चौपाटीवरच्या वाळूचे नाव वाटेल, हा धोका खरा आहे.

या खाणीचे संग्रहालय तसे आमच्या घरांतच आहे. भरतीच्या पट्ट्यातील रेती नीट धुतली नाही तर तिच्यातला क्षार काँक्रीटमध्ये जातो आणि आतल्या लोखंडाला गंज चढवतो. गंजाने लोखंड फुगते, छताचे प्लॅस्टर सुटते, सळ्या उघड्या पडतात. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या इमारतींत हे दृश्य नवे नाही. प्रत्येक वेळी कारण रेतीच असते असे नाही, पण रेती कोठून आली हे विचारण्याची पद्धतही आपल्याकडे नाही. आता त्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत आणि त्यांच्यातली खाडी ढिगाऱ्यासह ट्रकांत भरून निघून जात आहे.

ज्यांनी स्वतः बुडी मारली, ज्यांनी होड्या चालवल्या, ज्यांच्या घरी रेतीच्या पैशाने पक्के घर झाले आणि ज्यांची खाचरे खारी झाली, अशी माणसे या काठावर अजून आहेत. शहराच्या इतिहासात पहिली आगगाडी आहे, किल्ले आहेत, नाट्यगृहे आहेत. ज्या रेतीवर हे शहर शब्दशः उभे आहे तिचे प्रकरण या माणसांकडून लिहून घेणे आज शक्य आहे. आणखी वीस वर्षांनी ते केवळ तहसीलच्या दप्तरातून लिहावे लागेल, आणि त्या दप्तरात ब्रास सापडतील, माणसे सापडणार नाहीत.