सशाचे कान

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एडिसनला राहणाऱ्या एका जुन्या मित्राचा फोन आला. तो निवृत्त होऊन वर्ष झालेले, उत्पन्न ठरलेले आणि केबलचे बिल मात्र दर वर्षी चढते. शेवटी वैतागून त्याने केबल बंद केली आणि घरात लावायचा अँटेना विकत आणला. "अरे, डब्यावर दीडशे मैल लिहिलंय! इथून न्यूयॉर्क पंचवीस-तीस मैल. दोन दिसतं, चार दिसतं, पाच दिसतं. अकरा मध्येच थिजतं आणि सात तर अजिबात नाही. तुझ्या वहिनीच्या सकाळच्या बातम्या सातवर असतात. तीन दिवस घरात अबोला आहे."

मी पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनियर. त्यामुळे आपल्या मंडळींत कोणाचा मिक्सर बंद पडला तरी फोन मला येतो. मी म्हटले, शनिवारी येतो. पण दिसायला एवढ्याशा या तक्रारीचे उत्तर द्यायचे तर थेट १९४८ सालापर्यंत मागे जावे लागते. मित्राला ते सगळे ऐकवायला वेळ मिळाला नाही, म्हणून वाचकांना सांगतो.

आपल्यापैकी बहुतेकांची अँटेनाशी ओळख गच्चीवर झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पाहता पाहता सोसायट्यांच्या गच्च्यांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उगवले. वारा आला की ते फिरत. मग एक जण वर, एक जण खिडकीत आणि एक टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर पुन्हा मुंग्या. तो सांगाडा म्हणजे यागी-उदा अँटेना. जपानमध्ये सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली तो जगापुढे मांडला. काम मुख्यतः उदांचे, नाव मात्र यागींचे रूढ झाले. प्रयोगशाळांत हे सगळीकडेच चालते!

इथे आल्यावर पहिली अडचण ही की भाड्याच्या घराबरोबर गच्ची मिळत नाही. १९८१ साली जर्सी सिटीत मी पंचवीस डॉलरला जुना टीव्ही घेतला. त्याच्या डोक्यावर दोन लांबवता येणाऱ्या दांड्या होत्या आणि बुडाशी तारेचे एक गोल कडे. दांड्यांना इथले लोक 'रॅबिट इअर्स', सशाचे कान म्हणतात. टीव्हीला बटणेही दोन. वरच्यावर २ ते १३ आकडे, खट् खट् आवाज करत फिरणारे. खालच्यावर १४ ते ८३, रेडिओसारखे हळूहळू फिरवून चाचपडत शोधायचे. दोन बटणे का आणि कानांखाली ते कडे कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. स्वयंपाकघरातला चांदीचा कागद दांड्यांना गुंडाळला की कधी कधी चित्र सुधारते, एवढ्यावर मी खूश होतो.

अँटेनाचे सारे शास्त्र लांबीत आहे. दोन्ही दांड्या मिळून येणाऱ्या लहरीच्या साधारण निम्म्या लांबीच्या असाव्यात. चॅनेल दोनची लहर सव्वापाच मीटर लांब, म्हणजे प्रत्येक दांडी जवळजवळ सव्वा मीटर बाहेर काढायला हवी. सातची लहर पावणेदोन मीटरला थोडी कमी, तिथे सोळा इंच दांडी पुरते. चौदाच्या पुढे लहर दोन फुटांच्या आसपास आणि त्याहून कमी, म्हणून तिथे ते छोटे कडे. कान २ ते १३ साठी, कडे त्यापुढच्यांसाठी. हे एवढे कळले की अँटेनाची निम्मी खरेदी झाली.

पण हे दोन भाग पडले कसे? महायुद्ध संपल्यावर टीव्ही केंद्रांचे पीक एवढे आले की एकाच चॅनेलवरची केंद्रे एकमेकांच्या अंगावर येऊ लागली. सप्टेंबर १९४८ मध्ये एफसीसीने, म्हणजे लहरींचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय आयोगाने, नवे परवाने थांबवले. काही महिन्यांसाठी म्हणून घातलेली ही बंदी साडेतीन वर्षे चालली. एप्रिल १९५२ मध्ये ती उठली, तेव्हा आयोगाने जुन्या बारा चॅनेलांच्या जोडीला १४ ते ८३ अशी सत्तर नवी चॅनेले दिली. जुनी ती व्हीएचएफ, नवी ती यूएचएफ. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात तोवर एकही टीव्ही केंद्र नव्हते. तिथे सप्टेंबर १९५२ मध्ये चॅनेल २७ वर देशातले पहिले व्यापारी यूएचएफ केंद्र सुरू झाले.

कागदावर योजना छान होती. पण लोकांच्या घरातले टीव्ही फक्त २ ते १३ पकडणारे! नवे चॅनेल पाहायचे तर वेगळी पेटी घ्या, वेगळा अँटेना घ्या. जाहिरातदार तिकडे फिरकेनात आणि कित्येक यूएचएफ केंद्रे बुडाली. ड्यूमाँट नावाचे देशव्यापी जाळे १९५६ साली बंद पडले. बऱ्याच शहरांत त्याला चांगले व्हीएचएफ केंद्र मिळाले नाही, हे त्याचे एक मोठे कारण. अखेर १० जुलै १९६२ रोजी कायदा झाला आणि १९६४ पासून बनणाऱ्या प्रत्येक टीव्हीत दोन्ही विभाग पकडण्याची सोय सक्तीची झाली. गंमत म्हणजे त्याच दिवशी टेलस्टार हा उपग्रह आकाशात गेला. माझ्या पंचवीस डॉलरच्या टीव्हीवरचे खालचे बटण या कायद्याची देणगी.

खालचे बटण म्हणजे गावाबाहेरची वस्ती. भाडे कमी, म्हणून परदेशातून आलेले लोक तिथे उतरायचे. न्यूयॉर्क परिसरातली स्पॅनिश केंद्रे ४१ आणि ४७ वर होती. आपल्याकडची गाणीही सुट्टीच्या सकाळी कोणीतरी विकत घेतलेल्या वेळात त्याच गल्लीत लागायची. तो अर्धा-पाऊण तास आमच्या घरी कोणीतरी कडे हातात धरून उभे असे, कारण हात सोडला की आवाज राही आणि चित्र जाई.

इथे केबलचा उगमही सांगून टाकतो, कारण तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या गावांत डोंगर आड येत, कान कितीही फिरवा, काही दिसत नसे. १९५० साली लॅन्सफर्ड गावात डोंगरावर एक मोठा अँटेना उभारून त्याची तार घरोघर नेली गेली. केबल म्हणजे मुळात सर्वांनी मिळून लावलेला अँटेना. हवेतून फुकट मिळणारी वस्तू तारेतून विकत देण्याची सुरुवात अशी झाली. १९९२ च्या कायद्यानंतर केंद्रे केबल कंपन्यांकडून पैसे मागू शकली आणि ते पैसे फिरून आपल्याच बिलात आले. २०१२ साली एरिओ नावाच्या कंपनीने ब्रुकलिनमध्ये नखाएवढे हजारो अँटेना रचले, प्रत्येक ग्राहकाला एक, आणि महिना आठ डॉलरपासून इंटरनेटवरून चित्र देऊ लागली. २५ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवले. अँटेना स्वतःच्या खिडकीत असेल तर मात्र कोणाला काही द्यावे लागत नाही.

पुन्हा न्यूयॉर्ककडे येतो. घरातल्या अँटेनाच्या दृष्टीने केंद्र किती जवळ यापेक्षा मनोरा कुठे, हे महत्त्वाचे. न्यूयॉर्कची केंद्रे वर्षानुवर्षे एम्पायर स्टेट इमारतीवर होती. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे उंच होऊ लागले तेव्हा लहरी त्यांच्यावर आपटून पडद्यावर प्रत्येक माणसामागे त्याची फिकट सावली दिसण्याची धास्ती निर्माण झाली. तोडगा असा निघाला की केंद्रांनीच नव्या मनोऱ्यावर यावे. १९८० च्या सुमारास बहुतेक केंद्रे उत्तर मनोऱ्याच्या माथ्यावर गेली.

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी मी कामावर होतो. दुपारी घरी आलो. आमच्याकडे तेव्हा केबल नव्हती. चॅनेल चारवर मुंग्या, सातवर मुंग्या, अकरावर मुंग्या. फक्त चॅनेल दोन स्वच्छ दिसत होते, कारण त्या केंद्राने एम्पायर स्टेटवर जादा सोय ठेवलेली होती. त्या दिवशी मनोऱ्यावर कामावर असलेले वेगवेगळ्या केंद्रांचे सहा इंजिनियर मरण पावले. मी त्यांच्यापैकी कोणाला ओळखत नव्हतो, पण आजही कान फिरवताना त्यांची आठवण येते.

नंतर काही केंद्रांनी अल्पाइन येथील मनोऱ्याचा आधार घेतला. हा मनोरा एफएम रेडिओचे जनक एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३८ साली उभारलेला. आम्ही आमचे कान थोडे उत्तरेला वळवले. पुढे केंद्रे एम्पायर स्टेटवर परतली आणि २०१७ पासून काही नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर गेली.

मग आले १२ जून २००९. जुने अॅनालॉग प्रसारण त्या दिवशी बंद झाले. खरे तर १७ फेब्रुवारी ठरली होती, पण लोक तयार नव्हते म्हणून मुदत वाढवली. जुन्या टीव्हीला लावायच्या पेटीसाठी सरकारने चाळीस डॉलरची दोन कुपने घरटी दिली. डिजिटलने मुंग्या घालवल्या, पण तडजोडही घालवली. पूर्वी सिग्नल कमी झाला तर चित्र धूसर होई, तरी क्रिकेटचा स्कोअर वाचता येई. आता एका मर्यादेपर्यंत लख्ख, आणि तिच्याखाली चौकटी होऊन थिजते नाहीतर काळे.

दुसरी उलथापालथ अधिक मजेची. गावाबाहेरची वस्ती आता प्रतिष्ठित झाली. डिजिटलला यूएचएफ मानवले. बहुतेक केंद्रे तिकडे गेली आणि पडद्यावर मात्र जुनाच आकडा दाखवू लागली. चॅनेल दोन आणि चार आज प्रत्यक्षात यूएचएफवर आहेत; आकडा म्हणजे नुसती पाटी. पण काही केंद्रे आपल्या जुन्या जागी परत गेली, त्यांत न्यूयॉर्कचे सात आणि अकरा. फिलाडेल्फियाचे सहा तर सर्वांत खालच्या लांब लहरींच्या पट्ट्यात राहिले. नव्या छोट्या अँटेनांवर ते कित्येकांना दिसेना, इतके की त्याला शक्ती वाढवण्याची परवानगी द्यावी लागली. घरातल्या यंत्रांचा, स्वस्त दिव्यांचा आणि चार्जरांचा विजेचा गोंगाट नेमका या लांब लहरींत जास्त घुसतो.

माझ्या मित्राच्या डब्यात होता एक कागदासारखा पातळ चौकोन. दिसायला सुबक, भिंतीला चिकटणारा, पण मुख्यतः यूएचएफसाठी बनवलेला. डब्यावरचा 'डिजिटल' शब्द निव्वळ सजावट. अँटेना धातूचा तुकडा आहे, त्याला डिजिटल-अॅनालॉग काही कळत नाही. आणि दीडशे मैल? पृथ्वी गोल आहे. चौदाशे फुटांवरच्या अँटेनाचे क्षितिज सपाट जमिनीवर पन्नास-पंचावन्न मैलांवर संपते. बरोबर आलेल्या अॅम्प्लिफायरचेही तेच. लग्नाच्या हॉलमध्ये कोणी कुजबुजत असेल आणि तुम्ही माइक लावलात तर कुजबुज वाढते तसा गोंधळही वाढतो. लांब तारेत किंवा दोन टीव्हींत सिग्नल वाटताना अॅम्प्लिफायरचा उपयोग आहे, एरवी तो काढून पाहावा.

शनिवारी जाताना तळघरातून माझे जुने कान घेतले, चपट्या तारेला जाड गोल तार जोडणारी डबी घेतली. आधी एफसीसीच्या नकाशात त्याचा पत्ता टाकून कोणते केंद्र कोणत्या दिशेला, कोणत्या खऱ्या चॅनेलवर आहे ते पाहिले. खरेदीच्या आधी हे प्रत्येकाने करावे, पाच मिनिटे लागतात. त्याचा चौकोन चिकटवलेला होता दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीला, मनोऱ्यांच्या बरोबर उलट बाजूला, आणि भिंतीत चकाकत्या कागदाचे इन्सुलेशन. जुना चांदीचा कागद चित्र आणायचा, हा अडवत होता! आम्ही टीव्हीची तार वरच्या मजल्यावर ईशान्येच्या खिडकीशी नेली. तिथली काच साधी होती. उष्णता अडवणाऱ्या नव्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, तोही लहरी अडवतो. दोन्ही दांड्या मोजून सोळा इंच बाहेर काढल्या, आडव्या केल्या आणि चॅनेले नव्याने शोधायला लावली. चॅनेलांची जागा मध्येच बदलते, २०१७ नंतरही शेकडो केंद्रे हलली. म्हणून हा शोध अधूनमधून करावा लागतो.

मित्र म्हणाला, "खिडकीत नाही आलं तर? आमची असोसिएशन बाहेर काही लावू देत नाही." मी त्याला १९९६ चा नियम सांगितला. स्वतःच्या मालकीच्या किंवा फक्त तुमच्याच वापराच्या जागेत, म्हणजे बाल्कनीतसुद्धा, अँटेना लावायला असोसिएशन सहसा मनाई करू शकत नाही. सामाईक छप्पर मात्र त्यात येत नाही. तो एवढी वर्षे उगाच घाबरत होता.

खालून हाक आली, "आलं! सात आलं!" आम्ही दोघे जिन्यावरून खाली. वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. पुन्हा वर जाऊन पाहिले तर मित्र दांड्या अजून थोड्या सरळ करायच्या बेतात. वहिनींनी खालूनच ओरडून सांगितले, "आता हात लावू नका हो कोणी!" मग त्यांनी स्वतः वर येऊन खिडकीच्या चौकटीवर, अँटेनाच्या पायाभोवती, पेन्सिलीने रेघ ओढली.