सॅमसो
सॅमसो : अक्षय ऊर्जेसाठी प्रसिद्ध असलेले डेन्मार्कचे बेट. कॅटेगॅट समुद्रात, जटलंड द्वीपकल्प व झीलंड बेट यांच्या दरम्यान. क्षेत्रफळ सु. ११४ चौ. किमी.; लोकवस्ती चार हजारांच्या आत. शेती हा मुख्य व्यवसाय. येथील लवकर हाती येणाऱ्या बटाट्यांना देशभर मागणी असते.

१९९७ मध्ये डॅनिश सरकारने स्पर्धा घेतली : सगळी ऊर्जा दहा वर्षांत अक्षय स्रोतांतून मिळवण्याचा आराखडा, तोही बाजारात उपलब्ध तंत्रज्ञानावर बेतलेला. चार बेटे व एक द्वीपकल्प त्यात उतरले आणि सॅमसो जिंकले. रोख बक्षीस नव्हते. तोवर बेटाची वीज समुद्राखालच्या केबलमधून येई, ती मुख्यतः कोळशाची. घरे तेलावर तापत. त्याच सुमारास कत्तलखाना बंद पडून रोजगारही गेला होता. त्यामुळे लोक तयार झाले ते हवामानाच्या काळजीपेक्षा कामाच्या आशेने, असे म्हणायला हरकत नाही. मूळचे इथलेच असलेले सोरेन हर्मन्सन गावोगाव बैठका घेत. कॉफी आणि प्रसंगी बिअरही असे.

२००० मध्ये प्रत्येकी १ मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या जमिनीवर उभ्या राहिल्या. नऊ शेतकऱ्यांच्या, दोन सहकारी मालकीच्या. डोळ्यांसमोर फिरणाऱ्या पात्यांत आपलाही वाटा असल्याने विरोधाची धार बोथट झाली. बेटाची वर्षभराची विजेची गरज एवढ्यानेच भागते. वारा पडला की केबलमधून वीज येते, सुटला की जाते.

उष्णतेची सोय अधिक घरगुती आहे. चार केंद्रांपैकी तीन गव्हासारख्या पिकांच्या पेंढ्यावर चालतात. शेतकऱ्यांकडून आलेल्या गठ्ठ्यांवर पाणी तापते आणि जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरते. राख खत म्हणून पुन्हा शेतात. उत्तरेकडील चौथ्या केंद्रात लाकडाचे तुकडे जळतात, जोडीला सु. २,५०० चौ. मी. सौर संग्राहक आहेत.

वाहतुकीचे कोडे मात्र अवघड निघाले. मोटारी, ट्रॅक्टर आणि फेरीबोटी तेल पीतच राहिल्या. उपाय हिशेबातला काढला गेला : २००२-०३ मध्ये बेटाच्या दक्षिणेस समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॉटच्या १० पवनचक्क्या उभारल्या. त्यांची मुख्य भूमीला जाणारी वीज वाहतुकीच्या धुराची वजाबाकी म्हणून धरली जाते. पाच पवनचक्क्या नगरपालिकेच्या. म्हणजे ‘शंभर टक्के अक्षय’ हे बिरुद वर्षाच्या ताळेबंदाचे आहे. पंपावर पेट्रोल मिळतच होते. टीकाकार याला पळवाट म्हणतात. पण वजाबाकीसाठी उभारलेली वीज खरीच आहे, आणि उरलेले काम कोणते हेही तोच ताळेबंद दाखवतो.

ते काम संथ आहे. नगरपालिकेने विजेच्या मोटारी घेतल्या. अंतरे छोटी असल्याने एकदा चार्ज केलेली गाडी सहज पुरते. २०१५ पासून पश्चिमेकडील मार्गावर ‘प्रिन्सेसे इसाबेला’ ही द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी फेरीबोट धावू लागली. हाही जीवाश्म इंधनच. पुढे बेटावरच्या शेणापासून व शेतीच्या टाकाऊ मालापासून बायोगॅस करून तिला पुरवावा, असा बेत होता. बालेन बंदरात सौरपट आणि बॅटरी बसवली आहे. शिडाच्या होड्यांची गर्दी उन्हाळ्यात, ऊनही तेव्हाच, त्यामुळे मागणी-पुरवठ्याचा मेळ तिथे चांगला बसतो. बालेनमध्येच २००७ साली ऊर्जा अकादमी सुरू झाली. देशोदेशीची पथके तिथे शिकायला येतात. २०३० पर्यंत जीवाश्म इंधन पूर्णपणे सोडण्याचे बेटाचे उद्दिष्ट आहे.