तकरार ते करार : रंगपूरची लोकअदालत

लोकअदालत म्हटलं की आज आपल्याला कोर्टाचं आवार, फाइलींचे गठ्ठे आणि अपघात-भरपाईचे दावे आठवतात. पण कायद्यात येण्याआधी ही रीत आपल्या बडोद्याच्या पूर्वेला, आदिवासी मुलखात रुजली होती.

हरिवल्लभ परीख यांनी १९४९ मध्ये रंगपूरला आनंद निकेतन आश्रम काढला. तेव्हा हा भाग बडोदा जिल्ह्यात होता, आता छोटाउदेपूरमध्ये आहे. आश्रमातली अदालत उघड्यावर, लोकांसमोर भरायची. वकील नाही, पोलीस नाही. नवरा-बायकोची भांडणं सर्वांत जास्त. दोघांनी आपापली बाजू मांडायची, पंचांनी मार्ग काढायचा, समेट लिहून घ्यायचा आणि सगळ्यांना गूळ वाटायचा. गूळ खाल्लेलं सगळं गावच मग त्या समेटाचं साक्षीदार.

कायदेपंडित उपेंद्र बक्षी यांनी १९७६ मध्ये या अदालतीवर अभ्यास लिहिला. शीर्षकातच ‘तकरार’ ते ‘करार’ असा प्रवास होता. पुढे १९८२ मध्ये गुजरातेत उना इथे लोकअदालत भरली. १९८७ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला.

नाव टिकलं, पण हेतू सरकला. आज मोजतात ते निकाली दावे. रंगपूरला बघायचे ते तुटलेलं नातं. अर्थात ज्या गावाच्या धाकाने समेट टिकतो, त्याच धाकाने एखादी सासुरवाशीण गप्पही बसू शकते. म्हणून रंगपूर आठवताना गुळाची गोडी सांगावी, आणि तो कुणी मनापासून खाल्ला हेही विचारावं.