आरएमआयआयचा क्लॉक: लिंकचा दिवा लागतो, पण पॅकेट हरवतात

मायक्रोकंट्रोलरमधला मॅक आणि केबलकडची फाय चिप आरएमआयआयने जोडलेल्या असतात, तेव्हा दोघांना ५० मेगाहर्ट्झचा एकच क्लॉक लागतो. त्याचे एक आवर्तन २० नॅनोसेकंदांचे. दर आवर्तनाला प्रत्येक दिशेने दोन बिट जातात, म्हणून वेग सेकंदाला १०० मेगाबिट. क्लॉकच्या चढत्या कडेआधी ४ आणि नंतर २ नॅनोसेकंद डेटा स्थिर असावा लागतो.

वारंवारता बरोबर असूनही कडा मागेपुढे हलत असतील तर त्याला जिटर म्हणतात. फाय चिप केबलवरचा सिग्नल याच क्लॉकवरून पाठवते, त्यामुळे जिटर केबलवरही उतरतो. मग दिवा लागतो, पिंग कधी जातो कधी नाही, आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

ईएसपी३२ बाहेरचा क्लॉक फक्त जीपीआयओ० वर घेते. चिप सुरू होताना बूट मोड ठरवणारी पिनही नेमकी तीच! म्हणून रीसेट संपेपर्यंत ऑसिलेटर बंद ठेवावा लागतो. क्लॉक चिपच्या पीएलएलमधूनही काढता येतो; पण स्वतंत्र क्रिस्टल ऑसिलेटर बरा.

बोर्डावर क्लॉकचा ट्रॅक आखूड ठेवावा, त्याखालचे ग्राउंड प्लेन अखंड असावे, आणि ऑसिलेटरच्या पिनलगत २२ ते ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडावा. एफआर-४ बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदाला सुमारे १५ सेंटीमीटर जातो. त्यामुळे ट्रॅकच्या लांबीतला एखाद-दोन सेंटीमीटरचा फरक सहज खपतो. जंपर वायरवरून मात्र हा क्लॉक नेऊ नये.