मिझेरिकॉर्दिया : गोव्यातील दयेचे घर

इसवी सन १४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामाची गलबते कालिकतच्या किनाऱ्याला लागली, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात लिस्बन शहरी घडलेली एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. राजा मानुएल परदेशी गेला असता राज्यकारभार पाहणारी त्याची बहीण, विधवा राणी लिओनोर, हिच्या आश्रयाखाली तेथे एक धार्मिक बंधुमंडळ स्थापन झाले. ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दयेचे पवित्र घर, असे त्याचे नाव. गामाच्या वाटेने ते घरही पूर्वेस आले. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकल्यावर थोड्याच वर्षांत ते तेथे उभे राहिले.

या नावामागील कल्पना समजल्यावाचून त्या घराचा इतिहास नीट उमगावयाचा नाही. ईश्वराच्या दयेसाठी हिब्रू धर्मग्रंथांत जे शब्द येतात त्यांपैकी ‘रहमीम’ या शब्दाचे नाते मातेच्या उदराशी आहे. दिलेले वचन न मोडणारी अढळ प्रीती दाखविण्यास ‘हेसेद’ हा दुसरा शब्द आहे. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा बाप मुलाने अपराध कबूल करण्यापूर्वीच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा तो हाच. दया ही लायकीची मजुरी नव्हे. ती पश्चात्तापाच्याही आधी निघालेली असते. परंतु ज्याला ती मिळाली त्याने ती पुढे चालविली पाहिजे. भुकेल्याला अन्न देणे, तान्हेल्याला पाणी देणे, उघड्याला वस्त्र देणे, परक्याला आसरा देणे, रोग्याची विचारपूस करणे आणि बंदिवानाला भेटणे ही सहा कृत्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाची कसोटी म्हणून आली आहेत. मृताला मूठमाती देणे हे सातवे कृत्य तोबिताच्या कथेवरून त्यांत मिळाले. त्यांच्या जोडीला उपदेश, सांत्वन, क्षमा, प्रार्थना इत्यादी सात आत्मिक कृत्ये. अशी ही चौदा कृत्ये म्हणजे या बंधुमंडळाचा जणू कामाचा तक्ताच होता.

गोव्यात या कामाला तोटा नव्हता. महिनोन्‌महिने गलबतावर काढून आलेले शिपाई आजारी व निष्कांचन अवस्थेत धक्क्यावर उतरत. मंडळाने गोरगरिबांसाठी इस्पितळ चालविले, तुरुंगातील कैद्यांना अन्न पोहोचविले, अनाथ मुलींच्या विवाहासाठी हुंड्याची तजवीज केली, बेवारस प्रेतांना मूठमाती दिली. पूर्वेकडे मरण पावलेल्या पोर्तुगीजांची मालमत्ता जमा करून हुंड्यांच्या द्वारे त्यांच्या वारसांकडे पोर्तुगालला पाठविण्याचे कामही याच घराकडे होते. एवढ्या अंतरावरून विधवेचा पैसा बुडू न देणे हीही दयाच; तिला मात्र चोख हिशेबनीस लागतो! पुढे पुढे या विश्वासू पेटीवर सरकारचीही नजर गेली आणि युद्धखर्चासाठी तिच्यातून कर्जे उचलली जाऊ लागली.

या घराला उंबरठाही होता. बंधूंमध्ये उमरावांचा वरचा आणि कारागिरांचा खालचा असे दोन वर्ग असत, आणि प्रवेशासाठी पूर्वजांच्या रक्ताची ‘शुद्धता’ पाहिली जाई. सतराव्या शतकाच्या आरंभी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी स्त्रियांसाठी दोन आश्रयगृहे काढली व ती या मंडळाच्या देखरेखीखाली आली. एक कुलीन स्त्रियांसाठी होते. दुसरे मारिया माग्दालेनाच्या नावाचे, पश्चात्ताप पावलेल्या स्त्रियांसाठी. त्या भिंतींनी अनेकींना आधार दिला आणि कोंडूनही ठेवले.

त्याच शहरात हाच शब्द दुसऱ्या एका ठिकाणी लिहिलेला होता. १५६० साली गोव्यात ‘इन्क्विझिशन’ हे धर्मन्यायासन सुरू झाले. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याला त्याच्या कोठडीत दिवस काढावे लागले. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात त्याने मिरवणुकीतील निशाणाचे वर्णन केले आहे. त्यावर संत दोमिंगोच्या एका हाती तलवार, दुसऱ्या हाती ऑलिव्हची डहाळी आणि सोबत ‘न्याय आणि दया’ ही अक्षरे. मृत्युदंडाचे अपराधी सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करताना, त्यांना दयेने वागवावे अशी विनंती करण्याचा या न्यायासनाचा रिवाज होता. पुढे काय होणार, हे विनंती करणाराही जाणत असे. उधळ्या पुत्राचा बाप आधी धावला होता. येथे आधी कबुली, मग दया, असा क्रम लागला. शब्द तोच राहिला, पण सारा अर्थ त्या क्रमात उलटला.

दयेची आणखी एक भाषा याच काळात साष्टीत घडत होती. इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी तेथे मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात ख्रिस्ती ईश्वराची दया सांगण्यास त्यांना ‘कृपा’ हा संतांच्या तोंडचा शब्द जवळचा वाटला. नव्या धर्मात आलेल्या माणसाला लॅटिन कळत नव्हते; पण कृपा म्हणजे काय, हे त्याला निराळे शिकवावे लागले नसेल.

साथींच्या रोगांनी जुने गोवे ओस पडत गेले. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले आणि १८४३ साली राजधानी पणजीस गेली. मिझेरिकॉर्दियाच्या मुख्य बंधूला ‘प्रोवेदोर’ म्हणत असत. त्याच पदनामावरून घडलेला ‘प्रोवेदोरिया’ हा शब्द गोवेकरांच्या तोंडी आजही आहे. निराधार वृद्धांसाठी आश्रम चालविणाऱ्या सरकारी संस्थेला ते याच नावाने ओळखतात.